तारकोव्स्कीचा ‘मिरर’: एकाला डोकेदुखी, दुसऱ्याला स्वतःचं बालपण

१९७५ साली सोव्हिएत युनियनमधल्या मोजक्या थिएटरांत ‘मिरर’ लागला आणि दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्स्कीकडे प्रेक्षकांची पत्रं यायला लागली. लेनिनग्रादच्या एका इंजिनिअर बाईंनी लिहिलं की सिनेमा शेवटपर्यंत बघितला खरा, पण पहिल्या अर्ध्या तासातच डोकं ठणकायला लागलं, कारण पात्रं, प्रसंग आणि आठवणी यांचा एकमेकांशी काय संबंध आहे ते समजून घ्यायचा त्या मनापासून प्रयत्न करत होत्या. कालिनिनचा एक इंजिनिअर थिएटरातून बाहेर पडून अर्धा तास होत नाही तोच पत्र लिहायला बसला. तुम्हाला कामात यश मिळो, पण असले सिनेमे आम्हाला नकोत, असं त्याचं म्हणणं. स्वेर्दलोव्स्कच्या आणखी एका इंजिनिअरने तर हा सगळा कचरा आहे, प्रेक्षकांपर्यंत काहीच पोचलेलं नाही, असं रागारागाने कळवलं.

आणि याच सिनेमाबद्दल गोर्की शहरातून एका बाईंचं पत्र आलं ते आभाराचं. माझं बालपण अगदी असंच होतं, पण तुम्हाला ते कसं कळलं, असं त्यांनी विचारलं होतं. तोच वारा, तेच वादळ, मांजर बाहेर काढ म्हणून ओरडणारी आजी, विझलेला रॉकेलचा दिवा, आणि आई घरी कधी येते याकडे लागलेला सगळा जीव. त्या अंधाऱ्या थिएटरात बसल्यावर आपण एकटे नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, असं त्यांनी लिहिलं. नोव्होसिबिर्स्कहून एकाने कळवलं की आठवड्याभरात त्याने सिनेमा चार वेळा बघितला होता.

तारकोव्स्कीने पुढे आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ही पत्रं छापली, झोडपणारीसुद्धा. पन्नास वर्षं झाली तरी ‘मिरर’ बघणारे अजूनही याच दोन टोकांना जातात. या लेखात मला हे असं का होतं ते उलगडून बघायचं आहे. हा माझ्या फार जवळचा सिनेमा आहे हे आधीच सांगून टाकतो, पण वैतागलेल्या प्रेक्षकाची बाजू मला खरोखर महत्त्वाची वाटते.

या मतभेदाचं सगळ्यांत सोपं स्पष्टीकरण असतं ते असं: ज्यांना कळतं त्यांना आवडतो, ज्यांना कळत नाही ते कंटाळतात. हे स्पष्टीकरण चुकीचं आहे. चिडलेली पत्रं लिहिणारे इंजिनिअर होते, शिकलेले लोक होते. डोकं दुखलेल्या त्या बाईंनी तर इतर कुणाहीपेक्षा जास्त मेहनत घेतली होती. आणि सिनेमा जवळचा वाटणाऱ्यांत लेनिनग्रादच्या कारखान्यात काम करून रात्रशाळेत शिकणारा एक कामगार होता, तसे शास्त्रज्ञही होते. विज्ञान अकादमीच्या भौतिकशास्त्र संस्थेच्या भित्तिपत्रकात ‘मिरर’वर मजकूर आला होता. त्याचा आशय असा की यात गणिती तर्क शोधू नका, चांदण्यांकडे किंवा समुद्राकडे बघावं तसं याच्याकडे बघा. ज्यांचं आयुष्य समीकरणं सोडवण्यात जातं त्यांनी हे सांगावं, याला अर्थ आहे. बुद्धी किंवा शिक्षण या मतभेदाच्या मुळाशी नाही.

मग मुळाशी काय आहे? माझ्या मते ‘हा सिनेमा फार संथ आहे’ या एका तक्रारीत दोन वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. एक वेगाची: शॉट, म्हणजे दोन कटांमधले सलग तुकडे, लांब आहेत, कॅमेरा घाई करत नाही. दुसरी खुणांची: आपण कुठे आहोत, कुठल्या साली आहोत, समोरची बाई कोण, हे सांगितलंच जात नाही. प्रेक्षक दमतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कारणाने, आणि बोट ठेवतो पहिल्यावर.

हे आकड्यांनी तपासता येतं. ‘मिरर’ साधारण १०६ मिनिटांचा आहे आणि त्यात सुमारे २०० शॉट आहेत. म्हणजे एक शॉट सरासरी अर्ध्या मिनिटाचा. एवढ्या लांबीच्या सिनेमात साधारण ५०० शॉट असतात, असं तारकोव्स्कीनेच नोंदवलंय. तेव्हा हा सिनेमा नेहमीपेक्षा संथ आहेच. पण त्याचाच १९७९ सालचा ‘स्टॉकर’ घ्या. तो १६० मिनिटांहून थोडा मोठा आणि शॉट अवघे १४२. सरासरी शॉट एका मिनिटाहून लांब, म्हणजे ‘मिरर’च्या दुप्पट संथ. तीन माणसं एका रुळावरच्या छोट्या ट्रॉलीवर बसून जातात आणि मिनिटामागून मिनिटं आपण फक्त त्यांच्या डोक्यांकडे, चेहऱ्यांकडे बघत राहतो. तरीही ‘स्टॉकर’ बघून आलेला माणूस सहसा ‘काहीच कळलं नाही’ असं म्हणत नाही. कंटाळला असं म्हणेल. कारण गोष्ट सरळ आहे: एका बंदी असलेल्या प्रदेशात एक खोली आहे, तिथे मनातली इच्छा पूर्ण होते म्हणतात, एक वाटाड्या दोघांना तिथे घेऊन निघालाय. कुठे जायचंय ते ठाऊक असलं की माणूस लांबची वाटही चालतो. ‘मिरर’मध्ये कुठे जायचंय तेच सांगितलेलं नाही, त्यामुळे अर्ध्या मिनिटाचा शॉटसुद्धा लांबतो.

आता सिनेमात आहे तरी काय ते सांगतो. अलेक्सेई नावाचा एक माणूस आहे, चाळिशीच्या आसपासचा. तो आपल्याला जवळजवळ दिसतच नाही, फक्त त्याचा आवाज ऐकू येतो. त्याला आपलं बालपण आठवतं: १९३०च्या दशकातलं खेड्यातलं लाकडी घर, वडील घर सोडून गेलेले, आई एकटी. मग युद्धाची वर्षं. मग आताचा काळ, ज्यात त्याचा बायकोशी काडीमोड झालाय आणि मुलगा इग्नात कुणाकडे राहील यावर बोलणी चाललीत. मध्येमध्ये जुन्या बातमीपटांचे तुकडे येतात: स्पेनच्या यादवी युद्धात आईबापांपासून तुटून परदेशी निघालेली मुलं, आकाशात जाणारे प्रचंड बलून, क्रिमियाजवळच्या सिवाश खाजणाच्या उथळ चिखलातून तोफा ओढत नेणारे सैनिक. आणि या सगळ्यावर अधूनमधून एक वृद्ध आवाज कविता वाचतो. तो आवाज दिग्दर्शकाच्या वडिलांचा, कवी आर्सेनी तारकोव्स्की यांचा. तेही घर सोडून गेले होते. म्हातारपणीची आई म्हणून पडद्यावर जी बाई दिसते ती दिग्दर्शकाची खरी आई.

एवढं ठाऊक असलं तरी घोटाळा संपत नाही, कारण तरुणपणीची आई आणि अलेक्सेईची बायको या दोन्ही भूमिका मार्गारिता तेरेखोवा या एकाच अभिनेत्रीने केल्यात. बारा वर्षांचा अलेक्सेई आणि आजचा त्याचा मुलगा इग्नात हेही एकाच मुलाने. साहजिकच पहिल्यांदा बघणारा गोंधळतो: ही आई की बायको, हा बाप की मुलगा? पण त्याचं कारण सिनेमातच दिलेलं आहे. अलेक्सेई बायकोला सांगतो की आई आठवली की तिला तुझाच चेहरा असतो. म्हणजे आपण जे बघतोय ते घडलं तसं नाही, या माणसाला आठवतं तसं आहे. अडचण इतकीच की हे वाक्य बोलण्याच्या ओघात येऊन जातं. त्याच्यावर जोर दिलेला नाही, कुणी थबकत नाही, संगीत बदलत नाही. ऐकायचं राहिलं तर राहिलं.

रंगांचंही तसंच. नेहमीच्या सिनेमात भूतकाळ कृष्णधवल आणि वर्तमान रंगीत असा करार असतो. ‘मिरर’ हा करार पाळत नाही. बालपणातली गवताची वखार जळते ते दृश्य रंगीत आहे, आईच्या छापखान्याचं दृश्य कृष्णधवल आहे, आणि दोन्ही त्याच दशकातली. रंगावरून काळ ओळखायला गेलेला प्रेक्षक इथे हमखास फसतो. मला स्वतःला तारकोव्स्कीचा हा निर्णय अजूनही थोडा आडमुठेपणाचा वाटतो. एवढा आधार देता आला असता.

प्रसंगांचा क्रम मात्र वाटतो तितका मोकाट नाही. एक जागा जवळून बघू. अलेक्सेईच्या रिकाम्या घरातून कॅमेरा हळूहळू सरकतोय. फोनवर आई बोलतेय. तो तिला विचारतो, वडील आपल्याला सोडून गेले ते कुठल्या साली? आई म्हणते, पस्तीस साली. आणि वखार जळाली ती? तीही पस्तीस सालीच. मग आई सांगते की लिझा गेली, आपल्या छापखान्यातली लिझा, आज सकाळीच. तो फोन संपतो आणि पुढचं दृश्य सुरू होतं: पावसात भिजत छापखान्याकडे धावणारी तरुण आई, आणि तिथे तिला भेटणारी लिझा.

म्हणजे हे दृश्य तिथे का आलं याला चोख कारण आहे. मेलेल्या माणसाचं नाव कानावर पडलं आणि ते माणूस जिवंत असतानाचा एक दिवस आठवला. आपल्याकडे आजी जुन्या गोष्टी सांगते तेव्हा हेच करते. कुणाच्या तरी मयताची बातमी येते, त्यावरून तिला विहिरीवरचं भांडण आठवतं, त्यातून एकदम तिच्या धाकट्या भावाचं लग्न निघतं. सालं ती सांगत नाही, ‘तो’ म्हणजे नेमका कोण तेही सांगत नाही, आणि घरातली माणसं तरी बरोबर समजतात, कारण त्यांना सगळी नाती आधीच ठाऊक असतात. तारकोव्स्कीने अनोळखी प्रेक्षकाला घरचा माणूस समजून गोष्ट सांगितली. काहींना हा मान वाटला, काहींना तोच उद्धटपणा वाटला.

या छापखान्याच्या दृश्यापाशी थोडं थांबतो, कारण मतभेदाचं एक वेगळंच कारण त्यात दिसतं. आई प्रूफ तपासनीस आहे. घरी गेल्यावर तिला अचानक शंका येते की एका महत्त्वाच्या मजकुरात आपल्याकडून छपाईची चूक सुटली. ती पावसात धावत परत येते, लांबच लांब मार्गिकांमधून, छपाई यंत्रांच्या खडखडाटातून जाते, सहकारी तिच्या मागे जवळजवळ पळतात. भिंतीवर स्टालिनचं चित्र आहे. ती प्रूफ काढते, बोट फिरवत वाचते, आणि चूक झालेलीच नसते. मग ती लिझाच्या कानात तो शब्द सांगते, जो तिथे पडला असेल अशी तिला भीती होती. आपल्याला तो ऐकू येत नाही. दोघी हसतात आणि रडतात.

हे दृश्य संथ आहे का? ज्या प्रेक्षकाला १९३०च्या दशकातलं रशिया ठाऊक नाही त्याला दिसते ती एक बाई, जी बराच वेळ चालतेय आणि मग एक कागद वाचतेय. ज्याला ठाऊक आहे त्याला श्वास घेता येत नाही. सरकारी छपाईत एक अक्षर चुकलं तर तो घातपात ठरायचा आणि माणूस तुरुंगात, छळछावणीत जायचा, असा तो काळ. १९७५ साली थिएटरात बसलेल्या पन्नाशीच्या रशियन माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि तेव्हा ते उघडपणे दाखवणंही शक्य नव्हतं. म्हणून भीती बोलण्यातून न येता मार्गिकेच्या लांबीतून येते. तारकोव्स्कीची आई खरोखरच मॉस्कोतल्या एका मोठ्या छापखान्यात प्रूफ तपासायचं काम करत असे. मला संपूर्ण सिनेमातलं हे दृश्य सर्वांत घट्ट वाटतं, आणि ‘यात काही घडत नाही’ असं म्हणणाऱ्याला मी नेहमी आधी हेच परत बघायला सांगतो.

मात्र सगळ्या लांब शॉटांचं समर्थन इतिहासाच्या माहितीने करता येणार नाही. काही ठिकाणी संथपणा हाच मुद्दा आहे, आणि तिथे माहिती उपयोगी पडत नाही, फक्त बघावं लागतं.

इग्नात घरात एकटा असतो. खोलीत एक अनोळखी बाई चहा पीत बसलेली दिसते, त्याला वहीतून रशियन कवी पुश्किनचं एक पत्र मोठ्याने वाचायला लावते. तेवढ्यात दाराची घंटा वाजते, तो दार उघडून परत येतो तर बाई गायब. टेबलावर काहीच नाही. फक्त गरम कप जिथे होता तिथे चकाकत्या लाकडावर वाफेचा एक गोल ओला डाग आहे, आणि आपल्या डोळ्यांदेखत तो कडेने आत आत आक्रसत नाहीसा होतो. एवढंच. बाई होती की नव्हती याचा हा एकमेव पुरावा, आणि तो काही सेकंदांत विरतो. हा शॉट निम्मा कापला असता तर डाग दिसला असता, पण विरताना दिसला नसता. वेळ जाताना दिसणं हीच इथली घटना आहे.

तारकोव्स्कीचा सगळा विचार याच गोष्टीवर उभा होता. त्याच्या आधीच्या सोव्हिएत सिनेमाची जगभर कीर्ती होती ती संकलनासाठी. दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या पिढीने दाखवून दिलं होतं की दोन शॉट एकमेकांवर आपटले की त्यातून तिसराच अर्थ उडतो. तारकोव्स्कीला हे पटत नव्हतं. त्याच्या मते लय कात्रीतून येत नाही. प्रत्येक शॉटमध्ये काळाचा एक दाब असतो, पाण्याच्या नळीत असतो तसा, आणि संकलकाचं काम सारख्या दाबाचे तुकडे जोडायचं. त्याने हेही लिहिलंय की शॉट नेहमीपेक्षा लांबवला तर आधी कंटाळा येतो, आणखी लांबवला तर कुतूहल जागं होतं, आणि त्याहून लांबवला तर बघण्याला एक वेगळीच तीव्रता येते.

हे खरं आहे का? काही प्रेक्षकांच्या बाबतीत, काही शॉटांच्या बाबतीत, हो. लांब शॉटमध्ये प्रेक्षकाची नजर मोकळी सुटते. नेहमीच्या सिनेमात दर काही सेकंदांनी दिग्दर्शक सांगतो: आता हे बघ, आता ते. लांब शॉटमध्ये ते सांगणं थांबतं. वखारीच्या आगीच्या दृश्यात मुलं टेबलावरून उठून पळतात, टेबलावरून एक बाटली आपोआप गडगडून खाली पडते, कॅमेरा आरशाजवळून जातो, त्यात दाराशी उभी मुलं दिसतात, मग तो ओसरीवर येतो, छपरावरून पाण्याच्या धारा गळताहेत आणि पलीकडे वखार ज्वाळांनी वेढलेली आहे. कुणी किंचाळत नाही. माणसं उभी राहून बघताहेत. आपण आगीकडे बघायचं, गळणाऱ्या पाण्याकडे की स्तब्ध माणसांकडे, हे आपणच ठरवायचं. ज्याला हे मोकळेपण हवं असतं त्याला हे दृश्य आणखी चाललं तरी चालतं. दिवसभर काम करून, तिकीट काढून, कुणीतरी आपल्याला हाताला धरून नेईल या अपेक्षेने आलेल्या माणसाला तेच मोकळेपण म्हणजे वाऱ्यावर सोडून दिल्यासारखं वाटतं. त्याची अपेक्षा गैर नाही. सिनेमाने सत्तर वर्षं त्याला तीच सवय लावली होती.

दिग्दर्शकाने मेहनत कमी घेतली आणि कोडं प्रेक्षकाच्या गळ्यात मारलं, असाही आरोप होतो. तो मात्र टिकत नाही. बालपणीचं घर पडून गेलं होतं, ते जुन्या फोटोंवरून त्याच पायावर पुन्हा उभं केलं. घरासमोर पूर्वी बकव्हीटचं शेत होतं, म्हणजे आपण ज्याला कुट्टू म्हणतो त्याचं. फुलोऱ्यात ते बर्फासारखं पांढरं दिसायचं, आणि तारकोव्स्कीच्या आठवणीत तो पांढरा रंग पक्का बसलेला. तिथले सामूहिक शेतीवाले म्हणाले की इथे कित्येक वर्षं फक्त ओट आणि चारा होतो, हे पीक या मातीत यायचं नाही. चित्रपटवाल्यांनी शेत भाड्याने घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर पेरलं, आणि ते फुललं. बातमीपटाचे हजारो मीटर फिल्म तपासल्यावर त्याला सिवाशचे ते तुकडे सापडले. १९४३ साली ते टिपणारा कॅमेरामन त्याच दिवशी मारला गेला होता. आणि प्रसंगांची जुळणी करताना वीसहून जास्त वेगवेगळे क्रम करून बघितले, एकही उभा राहीना. शेवटच्या प्रयत्नात सिनेमा एकदम जुळून आला, असं तारकोव्स्की सांगतो. म्हणजे क्रम लागत नाही ही प्रेक्षकाची तक्रार संकलनाच्या टेबलावर खुद्द दिग्दर्शकाचीही होती.

शिवाय सिनेमाची किल्ली शेवटाजवळ ठेवलेली आहे. अलेक्सेई आजारी पडून आहे, डॉक्टर आलेले आहेत, आणि बोलण्यातून लक्षात येतं की दुखणं घशाचं असलं तरी खरं ओझं मनावर आहे. मग तोवर बघितलेलं सगळं एका आजारी माणसाच्या डोक्यातून चाललं होतं हे कळतं. म्हणूनच दुसऱ्यांदा बघणाऱ्याला हा सिनेमा बराच सोपा जातो.

पण काहींना दुसऱ्या वेळेची गरज लागली नाही. तारकोव्स्की एक प्रसंग सांगत असे. एका खेळानंतर जाणकारांची चर्चा रात्री उशिरापर्यंत रंगली, अर्थ काय यावर एकमत होईना. हॉल झाडायला आलेल्या बाई ताटकळल्या होत्या. त्यांनी विचारलं, यात अवघड काय आहे? एक माणूस आजारी पडला, त्याला मरणाची भीती वाटली, आपण कुणाकुणाला दुखावलं ते सगळं आठवलं आणि त्याला माफी मागाविशी वाटली. एवढंच आहे. इतक्या कमी शब्दांत ‘मिरर’ची गोष्ट सांगितलेली मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही. त्या बाईंनी प्रत्येक दृश्य सोडवायचा प्रयत्न केला नव्हता. कोण बोलतंय आणि का बोलतंय एवढं पकडलं, बाकीचं त्याच्यामागून आलं.

सरकारी चित्रपट खात्याला हे पटायचं काहीच कारण नव्हतं. सोव्हिएत पद्धतीत प्रत्येक सिनेमाला श्रेणी मिळायची आणि श्रेणीवरून किती प्रती काढायच्या ते ठरायचं. ‘मिरर’ दुसऱ्या श्रेणीत टाकला गेला, प्रती निघाल्या ७३. एवढ्या अवाढव्य देशाला ७३ प्रती म्हणजे काहीच नाही. ज्यांना बघायचा होता त्यांना शोधत जावं लागलं, आणि कुणी असं शोधत गेलं की ते आधीच अर्धं त्या सिनेमाच्या बाजूचं झालेलं असतं. उलट जो सहज म्हणून शिरला, त्याला ना जाहिरातीने सांगितलं होतं ना समीक्षेने, की आत काय वाढून ठेवलंय. दोन टोकं इतकी लांब गेली त्यात या वितरणाचाही वाटा असणार, असं मला वाटतं. नंतर मान मिळाला तो भरपूर. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या २०२२ सालच्या कौलात दिग्दर्शकांनी ‘मिरर’ला सर्वकाळच्या सिनेमांत आठवा क्रमांक दिला. समीक्षकांच्या कौलात तो एकतिसावा होता. सिनेमा करणाऱ्यांना तो सिनेमावर लिहिणाऱ्यांपेक्षाही जास्त जवळचा वाटतो, आणि शॉटमधला काळ हाताळणं किती कठीण आहे हे करणाऱ्यांनाच ठाऊक असल्यामुळे हे पटतं.

आपल्याकडे असे सिनेमे पूर्वी फिल्म सोसायट्यांच्या खेळांत, पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्हच्या थिएटरांत बघितले जायचे. त्याच इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’ या सिनेमावर १९७०च्या सुमारास हाच वाद झाला होता, जवळपास याच शब्दांत. आता रशियातल्या मोसफिल्म स्टुडिओने आपले जुने सिनेमे यूट्यूबवर अधिकृतपणे ठेवलेत, त्यात तारकोव्स्कीचेही आहेत. उपलब्धतेचा प्रश्न सुटला आणि एक नवा तयार झाला. मोबाइलवर, दीडपट वेगाने, मध्येच मेसेज वाचत बघितला तर ‘मिरर’ शिल्लकच राहत नाही. टेबलावरचा तो ओला डाग मोबाइलच्या पडद्यावर बारीकसा दिसतो आणि दीडपट वेगात नुसता पुसला जातो. असा बघून कुणी कंटाळवाणा म्हटलं तर त्याने तो अजून बघितलेला नाही, असं मी बिनदिक्कत म्हणेन. पण मोठ्या पडद्यावर, पूर्ण लक्ष देऊन बघूनही कुणाला कोरडा वाटला, तर त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडे काही नाही. गोर्कीच्या बाईंना आधीच रॉकेलचा दिवा आणि वाट बघणं ठाऊक होतं. हा सिनेमा समोरच्याच्या आठवणींवर चालतो, आणि ज्याच्या आठवणीत तसं काही नाही त्याच्यासाठी तो स्वतःहून फारसं काही उभं करत नाही. ही त्याची खरी मर्यादा आहे आणि ती त्याच्या चाहत्यांनी कबूल करायला हवी.

बघायचं ठरवलंत तर दोन-तीन कामाच्या गोष्टी. नाती आधी वाचून घ्या: आई आणि बायको एकच अभिनेत्री, बाप आणि मुलगा एकच मुलगा. यात कुठलंही रहस्य फुटत नाही, उलट डोकं मोकळं राहतं. कविता सुरू झाल्या की उपशीर्षकं वाचू नका. वाचायला गेलात तर नजर पडद्याच्या तळाशी अडकते आणि वर चाललेलं सगळं निसटतं. आर्सेनी तारकोव्स्कींच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद नंतर वेगळे वाचता येतात. टेलिफोनवरचं बोलणं मात्र नीट ऐका, सालं तिथेच सांगितलीत. आणि तारकोव्स्कीचा आजवर एकही सिनेमा बघितला नसेल तर सुरुवात ‘मिरर’पासून करू नका. १९६२ सालचा ‘इव्हान्स चाइल्डहूड’ आधी बघा. दीड तासाचा आहे, युद्धात हेरगिरी करणाऱ्या एका पोरक्या मुलाची सरळ गोष्ट आहे, आणि त्या मुलाच्या स्वप्नांत पुढच्या सगळ्या सिनेमांमधलं पाणी, झाडं आणि आई आधीच भेटतात. मग ‘स्टॉकर’, आणि मग हा.